कावून आणि कशावरून

सहा महिने माझा फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर, मिठाच्या बरणीमागे पालथा पडून असायचा. आवाज बंद. दिवसातून दोनदा जाऊन मी तो उलटा करून बघायची, किती जणांचे फोन येऊन गेले ते वाचायची आणि पुन्हा पालथा घालायची. मी माजलगावात ब्लाऊज शिवते. शिवणकाम करणारीने फोन उचलला नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण आवाज सुरू असला आणि तो वाजला की छातीत असं काही धडधडायचं की हातातली कात्री खाली ठेवावी लागायची. आता कोण गेलं, एवढा एकच विचार डोक्यात यायचा.

ह्याला कारण होतं. दसऱ्यानंतरच्या एका दुपारी घाटनांदूरहून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. मी एका बाईची बाही बसवून बघत होते, तोंडात टाचण्या होत्या. टाचण्यांतूनच "नंतर करते" म्हणाले. तो "बरं" म्हणाला. संध्याकाळी दुसऱ्याच कुणाचा तरी फोन आला. भावाला अटॅक आला आणि तो गेला. त्याला दुपारी काय सांगायचं होतं ते मला आजही माहीत नाही.

माझी एकुलती एक लेक पुण्यात असते. तिला दिवस गेल्याची बातमी मला आमच्या ह्यांच्या फोनवर कळली, कारण माझ्या फोनवर ती चार वेळा लावून थकली होती. सातवा लागला की ओटी भरून लेकीला माहेरी आणायची, पहिलं बाळंतपण आईकडे, ह्यात विचारण्यासारखं काही नसतं. तरी बिचारीने विचारलं, तेही ह्यांच्याच फोनवर. "आई, कवा येऊ?"

मी म्हणाले, "नको येऊस. तिकडंच कर. तिकडं दवाखाने चांगले हायती."

"कावून?" ती म्हणाली. कावून म्हणजे आमच्याकडे का. मी पुन्हा दवाखान्यांचंच पुराण लावलं. ती म्हणाली, "बरं." अगदी मामासारखं म्हणाली. तरी मी ये म्हणाले नाही. खरं कारण मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. माझ्या घरात पोरीला कळा सुरू होतील, ती मला हाक मारेल आणि नेमकं तेव्हा मी काहीतरी करत असेन, "नंतर" म्हणेन, अशी मला खात्री वाटत होती.

मग धडधड वाढली. हे कारखान्यात फिटर आहेत, बिघाड दिसला की उघडून बघायची त्यांना सवय. मला सरकारी दवाखान्यात नेलं, ईसीजीची पट्टी काढली. पट्टी चांगली निघाली. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, दर मंगळवारी मागच्या खोलीत उदासी आणि काळजीवर वर्ग भरतो, तिथे बसा. बाहेर आल्यावर मी ह्यांच्यावर उखडले. म्हणाले, "म्हंजे मी येडी हाय का?" हे म्हणाले, "जाऊन तर बघ. तिथं काय सुई टोचत न्हाईत."

तिथे नेमकी सुईच टोचत. इतर दिवशी तान्ह्या पोरांना लस देतात ती खोली होती. भिंतीवर गुटगुटीत बाळांची चित्रं आणि खाली आम्ही अकरा जण. मी माणसाकडे बघते ती खांद्यापासून बघते, हा धंद्याचा दोष आहे. त्या खोलीत एकाचाही खांदा जागेवर नव्हता. मी सगळ्यांत मागे जाऊन बसले, म्हणजे ओळखीचं कुणी डोकावलं तर दिसायला नको. माझ्या एका बाजूला फळांचा गाडा लावणारे चाचा होते. त्यांना गाव ओळखतं, त्यांच्याकडूनच आम्ही टरबूज घेतो. दुसऱ्या बाजूला कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि काळा गॉगल घातलेले एक पुढारी. मोठ्या जमीनदार घरातले. कुणी ओळखू नये म्हणून आपला तालुका सोडून आमच्या तालुक्यात येत होते, आणि गॉगलमुळे सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडेच जात होतं.

शिकवणारी मॅडम माझ्या लेकीच्या वयाची, साताऱ्याकडची. प्रत्येकाला तिने चाळीस पानी वही दिली आणि फळ्यावर एकच शब्द लिहिला. मनात वाईट विचार आला की त्याला हा प्रश्न विचारायचा, म्हणाली, आणि खाली उत्तर लिहायचं. पंखा खडखडत होता, फळ्यावर खिडकीचं ऊन पडलं होतं. चाचांना उर्दू वाचता येतं, मराठी नाही. ते पुढाऱ्याकडे झुकून म्हणाले, "दादा, काय लिवलंय?"

पुढारी गॉगलसकट फळ्याकडे बघून म्हणाले, "कशावरून. म्हंजे आपलं कावून, बे. इतकं बी कळंना?"

मला कळायला हवं होतं. मी दहावी पास आहे. पण मलाही ते पटलं. खरं तर भाऊ गेल्यापासून मी दुसरं काही विचारतच नव्हते. मागच्या रांगेने तो शब्द वहीत उतरवून घेतला, चाचांनी उर्दूत, मी मराठीत. कावून.

तो आठवडा मी विसरणार नाही. पालथ्या फोनच्या कडेने उजेड दिसला की लिहायचं, कुणीतरी गेलं. कावून? कारण तेव्हाही असाच वाजला होता. कावून? कारण मी दुपारी बोलले नाही. कावून बोलले नाही? कारण मला धंदा भावापेक्षा मोठा. कावून? कारण मी आहेच तशी. प्रत्येक उत्तराच्या पोटात पुन्हा कावून निघायचं. शिवण उसवावी आणि दोरा हाताला येतच राहावा, कापड संपलं तरी, तसं चाललं होतं. चौदा पानं भरली. हे म्हणाले, वर्गाला जायच्या आधी तू बरी होतीस.

दुसऱ्या मंगळवारी मॅडमने आठवडा कसा गेला विचारलं. पुढच्या रांगेतल्या बायका सांगायला लागल्या, थोडं हलकं वाटतंय, झोप लागतेय. मला त्यांचा राग आला. मागच्या रांगेची पाळी आली तेव्हा चाचा उठून उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, आमी आठवडाभर कावून कावून करत बसलो. डोकं खराब होऊन गेलं."

मॅडमचा चेहरा उतरला. "कशाने कावलात, चाचा? माझं काही चुकलं का?" तिच्या मराठीत कावून म्हणजे वैतागून.

"तुमीच तर लिवलं व्हतं."

"मी कावायला सांगितलं?"

हे दोन-चार वेळा असंच चाललं. ती तिच्या कावण्यावर, चाचा त्यांच्या कावूनवर. शेवटी मीच उठले आणि दोन्ही शब्द सांगितले. कुणीतरी फिसकन हसलं, त्यामागे सगळी खोली हसायला लागली. मॅडम खुर्चीला धरून हसत होती. सहा महिन्यांत मी पहिल्यांदा हसले, आणि हसताना छाती धडधडत होती तरी मला तिची भीती वाटली नाही.

हसणं ओसरल्यावर मॅडम खडू घेऊन समजवायला निघाली, पण चाचाच म्हणाले, "थांबा, मला समजलं." ते सावकाश बोलत होते, बोलता बोलता त्यांनाच ते दिसत असावं. "गिऱ्हाईक गाड्यावर येतं. म्हणतं, चाचा, टरबूज गोड हाय कशावरून? आता मी काय सांगत बसतो का, बी कुठलं, रान कुणाचं, पाणी कवा दिलं? ते झालं कावून. त्यात दिस मावळंल. मी सुरी घेतो, कापून दाखवतो. लाल निघालं तर लाल, पांढरं निघालं तर पांढरं." मग म्हणाले, "बीवी गेल्यापासून रोज सकाळी वाटतं, आता कुणाला आपली गरज न्हाई. आठवडाभर कावून कावून केलं, लई रडलो. आता कापून बघतो. दोन दिस गाडा लावला न्हाई, तर शाळेतल्या बाया घर शोधत आल्या. चाचा कुठं हाय, इचारत. म्हंजे ह्या इचाराचं टरबूज पांढरं निघालं की."

मी त्या माणसाकडून पंधरा वर्षं फळं घेते. बोटाने वाजवून बघताना त्यांचा कान टरबुजाला लागलेला असतो, तेवढंच मला त्यांचं माहीत. रोज सकाळी गाडा काढण्याआधी हा माणूस स्वतःशी एवढी लढाई करून येतो, हे मला माहीत नव्हतं. मी तीस वर्षं माणसांची मापं घेतली, छाती, कंबर, दंड, इंचाचा फरक डोळ्यांना कळतो. आत काय चाललंय ह्याचा मला कधी पत्ता लागला नाही.

आणि मग पुढारी उठले. गॉगल काढून हातात घेतला. डोळे लहान, थकलेले होते. म्हणाले, "चाचा, चूक मपली हाय." चूक माझी, हे वाक्य आमच्या जिल्ह्यात पुढाऱ्याच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ते पुढे बोलत राहिले. वर्ष झालं, स्टेजवर चढलेलो नाही. माइक हातात घेतला की वाटतं, समोरचे सगळे मनातल्या मनात आपल्याला हसतायत. घरी सांगता येत नाही, कार्यकर्त्यांना तर नाहीच. ज्यांच्या येण्याने गाव उठून उभं राहतं त्या माणसाला गावाच्या नजरेची अशी भीती. मला त्यांची कीव आली नाही. मला आदर वाटला. त्या खोलीतल्या प्रत्येकाने काहीतरी उचलून आणलं होतं, आणि ते घेऊनच प्रत्येक जण वेळेवर हजर झाला होता.

मॅडमने फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहिले. कावूनवर काट मारली नाही. तो प्रश्नही कधीतरी लागेल, म्हणाली, पण आत्ता नाही.

त्या शनिवारी ह्यांनी घरी येऊन सांगितलं, लेकीची सासू पुढच्या रविवारी येऊन तिला गावी नेणार आहे. म्हणजे माझ्या हातात आठ दिवस होते. एकदा ती सासरी गेली की तिथून तिला उठवून आणणं कुणाच्याच रीतीत बसत नाही. मी मशीनवर बसून राहिले, पाय पायडलवर, टीप मात्र घातली नाही.

तिसऱ्या मंगळवारी मी फोन बरोबर नेला. पुन्हा उठून उभी राहिले आणि सगळं सांगितलं, टाचण्यांसकट. शेवटी म्हणाले, "फोन वाजला की कुणीतरी गेलेलंच असणार, असं वाटतं."

"कशावरून?" चाचा म्हणाले. मॅडमच्याही आधी.

मॅडमने मला फोन उघडून त्यात आलेले नंबर मोठ्याने वाचायला लावले. गिऱ्हाईक. लेक. गॅसवाला. गिऱ्हाईक. लेक. लेक. चुकीचा नंबर. गिऱ्हाईक. लेक. वाचता वाचता माझा आवाज बारीक झाला. वाईट बातमी एक, आणि ती दसऱ्यानंतरची. पुढारी म्हणाले, "ताई, आन् चांगली बातमी?" तेव्हा मला आठवलं, मी आजी होणार ही बातमी ह्याच फोनवर चार वेळा येऊन परत गेली होती.

मॅडम म्हणाली, "आवाज सुरू करा. इथे, आत्ता. वाजला तर आपण सगळे आहोत."

मी आवाज सुरू केला आणि फोन टेबलावर ठेवला, लसीच्या डब्याशेजारी. वर्ग पुढे सुरू राहील असं मला वाटलं होतं. पण कुणी बोलेचना. अकरा माणसं आणि एक मॅडम, सगळे त्या फोनकडे बघत बसले. कुणीतरी उठून खडखडणारा पंखा बंद केला, रिंग नीट ऐकू यावी म्हणून. एप्रिलचं ऊन, अंगाला घाम, पण कुणी पदराने वारासुद्धा घेतला नाही. चाचांच्या हातात तसबीह, म्हणजे जपमाळ होती, तिचे मणी सरकायचे थांबले होते. ज्यांची नावंही मला धड माहीत नव्हती ती माणसं माझ्या भीतीची वाट बघत माझ्याजवळ बसली होती. माझ्या लग्नातही माझ्यासाठी कुणी इतकं गप्प बसलं नव्हतं. मला रडू आलं.

आणि तो वाजला. चाचा नुसते म्हणाले, "कापा." मी उचलला.

"अवो, मपलं ब्लाऊज झालं का?" पलीकडून एक बाई म्हणाली. "चार महिने झाले."

"बाही राह्यलीय," मी म्हणाले. "गुरुवारी न्या."

फोन ठेवला तेव्हा पुढाऱ्यांनी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. माझी छाती अजून धडधडत होती. फरक एवढाच झाला होता की कापून बघितल्यावर भीतीच्या आत ब्लाऊजची बाही निघाली होती.

घरी येताना सारखी धाकधूक होती. दुपारी चार वाजता, हे ड्यूटीवरून यायच्या आत, मी माझ्या फोनवरून लेकीला लावला. तिने लगेच उचलला. घाबरलेल्या आवाजात म्हणाली, "काय झालं? पप्पा बरे हायत ना?" माझ्या फोनवरून माझा आवाज येणं म्हणजे काहीतरी वाईट, इथवर मी तिला आणून सोडलं होतं.

"सगळे बरे हायत. तुला इचारायला केला. इकडं ये म्हणून."

ती म्हणाली, "आता कशाला? तुला मी नको हाय, ते कळलं मला."

वर्गाची सवय जिभेवर बसलेली. मी म्हणाले, "कशावरून?"

आणि तिने सांगितलं. सहा महिने फोन उचलला नाहीस. गोड बातमी द्यायची होती तेव्हा नाही उचललास. पाचव्या महिन्यात दवाखान्यात एकटी होते, तेव्हा नाही. ये म्हणायच्या ऐवजी नको येऊस म्हणालीस. एकही गोष्ट खोटी नव्हती. मी तिला सुरी दिली होती आणि तिने कापून दाखवलं होतं. फोन कानाला लावून मी उभी राहिले, आणि समोर कपाट होतं, ते उघडलं.

"दुपटी सतरा हायती," मी म्हणाले.

"काय?"

"जुन्या सुती लुगड्यांची. धुऊन मऊ केलेली. सतरा दुपटी, नऊ टोपडी, अकरा झबली. एक गोधडी हाय, तिची एक बाजू राह्यलीय."

"कवा शिवलंस एवढं?"

"तू फोन करायचीस ना, तवा." मी दुपट्यांची घडी हातात घेतली. "पालथ्या फोनच्या कडंनं उजेड दिसायचा. मला उचलवत न्हवता. उलटा करून बघितला की तुझं नाव दिसायचं आन् मी मशीनवर जाऊन बसायची. फोन बंद होईस्तोवर शिवत ऱ्हायची."

ती रडत होती, आणि मग मी तिला मामाचं सांगितलं, टाचण्यांचं, मी "नंतर" म्हणेन ह्या भीतीचं, जे ह्यांनाही सांगितलं नव्हतं ते सगळं. तिने मध्ये एकदाही कावून म्हटलं नाही. शेवटी नाक ओढत म्हणाली, "झबली कुठल्या मापाची शिवलीस?"

"अंदाजानं."

"मग माप घेऊनच येते. सासूबाईंना मी सांगते. शनिवारी स्टँडवर घ्यायला ये. पप्पांना नको पाठवूस, तू ये."

"येते," मी म्हणाले.

फोन ठेवला. लगेच विचार आला, रस्त्यात गाडीला काही झालं तर. वही शोधायला वळले आणि तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. पुन्हा तेच, आता कोण. मी उचलला. लेकच होती.

"काय झालं गं?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "बगत व्हते, उचलतीस का."